सोलापूर ते लंडन: हवाई अंतर किती आणि घरून निघायचं कधी?

मोबाइलवर ‘सोलापूर लंडन अंतर’ असं टाकलं की ७,५४० किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. त्याखाली बहुधा नऊ-साडेनऊ तास असं लिहिलेलं असतं. आकडे चुकीचे नाहीत. पण सोलापूरहून लंडनला थेट विमान जात नाही, त्यामुळे हा आकडा दोन टिंबं जोडणाऱ्या रेषेचा आहे, तुमच्या प्रवासाचा नाही. घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या घराची बेल वाजेपर्यंत जवळपास एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. हा सगळा हिशोब कागदावर कसा मांडायचा, ते पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी सांगते.

मी सोलापुरात बरीच वर्षं भूगोल शिकवला. आता नात्यातली, गल्लीतली मुलं शिकायला-नोकरीला बाहेर जातात आणि मागून त्यांचे आई-वडील तिकिटाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. उदाहरण लंडनचं घेतलंय, कारण निम्मे लोक तेच गाव घेऊन येतात. तुमचं गाव दुसरं असेल तरी रीत हीच.

आधी ठरवा: कुठून कुठे?

अंतर नेहमी विमानतळ ते विमानतळ मोजायचं. सोलापूरकरांसमोर मुख्य वाटा तीन: मुंबई, पुणे आणि हैदराबाद. आपलं होटगी रोडचं विमानतळही आता सुरू आहे. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. मात्र लहान मार्गांचे वार आणि वेळा बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशीच त्या बघाव्यात.

मुंबई ते लंडन हीथ्रो सुमारे ७,२१० किलोमीटर. हैदराबाद ते हीथ्रो सुमारे ७,७५०. हैदराबाद आपल्या पूर्वेला आणि लंडन वायव्येला, म्हणून हैदराबादेचं नाव काढलं की घरातले म्हणतात, ‘उलटं कशाला जायचं?’ पण फरक साडेपाचशे किलोमीटरचा आहे आणि विमान तेवढं अंतर पाऊण तासाच्या आत कापतं. या पाऊण तासाकडे पुढे परत येऊ.

दोरा आणि पृथ्वीगोल

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट भिंतीवरच्या नकाशात शोधली तर हात आपोआप अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा सरळ जातो. गोलावर दोरा ताणला की तोच दोरा कझाकस्तान, रशिया, स्कॅन्डिनेव्हिया करत ग्रीनलँडच्या बाजूने उतरतो. सपाट नकाशा गोल पृथ्वी ताणून बसवतो, त्यात उत्तरेकडचा भाग फुगतो. खरं अंतर गोलावरच मिळतं.

माझ्याकडे शाळेत असतो तसा बारा इंची गोल आहे. शेजारी टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, त्यांच्याकडून सुताचा एक न ताणणारा दोरा आणून ठेवलाय. तो विषुववृत्ताभोवती एकदा गुंडाळला आणि पट्टीवर मोजला तर ९६ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सुमारे ४१७ किलोमीटरचा. आता एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं लंडनवर न्यायचं आणि दोरा ताणून गोलावर आपोआप बसेल तसा बसू द्यायचा. पट्टीवर सतरा सेंटिमीटरच्या थोडं पुढे येतं: ७,२०० किलोमीटर. न्यूयॉर्कला तीस सेंटिमीटर, म्हणजे १२,५०० च्या घरात. संगणकाचा आकडा १२,५४० आहे. सुताच्या दोऱ्याने इतकं जवळ जाता येतं हे पाहिल्यावर सत्तरीच्या आजीसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना आपलं लेकरू किती दूर आहे ते पहिल्यांदा बोटाखाली लागतं.

देशातल्या देशात अंतर काढायला गोलही नको. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण उत्तरेकडे जाताना आक्रसत जातो: सोलापूरजवळ तो १०६ भरतो, दिल्लीपर्यंत आणखी कमी होतो, म्हणून मधला आकडा धरायचा. दिल्ली आपल्यापेक्षा १०.९ अंश उत्तरेला आणि १.२ अंश पूर्वेला. उत्तरेकडचे १,२१० किलोमीटर, पूर्वेकडचे साधारण १२२. आठवीतला पायथागोरस लावला की तिरपी बाजू १,२१५ च्या आसपास येते. लांबच्या प्रवासाला मात्र ही युक्ती लावू नका, तिथे दोराच खरा.

किलोमीटरचे तास

लांब पल्ल्याचं जेट विमान वर स्थिरावलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. पण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, उतरायला पाळी येईपर्यंत घिरट्या यात वेळ जातोच. म्हणून माझा ठोकताळा असा: किलोमीटरना ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा.

मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर, उत्तर दोन तास पाच मिनिटं. मुंबई–दुबई १,९३०, उत्तर तीन तास. मुंबई–लंडन सव्वानऊ तास. वेळापत्रकाशी ताडून पाहिलं तर दहा-पंधरा मिनिटं, फार तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. आपल्या गोव्याच्या विमानासारख्या पंख्याच्या विमानाला हे लागू नाही. ते ताशी ५०० च्या आसपास जातं, पण अंतरच तीनशे किलोमीटरचं असल्याने तासाभरात पोचवतं.

आता नेहमीचा प्रश्न: जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असं का? नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. पश्चिमेला जाणारं विमान वाऱ्याच्या तोंडावर चालतं, पूर्वेला येणाऱ्याच्या पाठीशी वारा असतो. होटगी रोडवर वैशाखाच्या वाऱ्यात सायकल चालवलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सरासरी ५० किलोमीटरचा वारा धरला तर एकीकडे वेग ८५० पडतो, दुसरीकडे ९५०. लंडनच्या अंतराला तेवढ्यानेच जवळपास तासाचा फरक होतो.

वाऱ्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेली आणि वेळ कमी लागला, साधारण साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी आधी पोच. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

आणखी एक गोष्ट दोऱ्याला कळत नाही: आकाशालाही हद्दी असतात. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रशियाने आपलं आकाश युरोपीय आणि ब्रिटिश कंपन्यांना बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. म्हणून ठोकताळ्याने वेळेचा अंदाज घ्या, पण शेवटचा शब्द तिकिटावरच्या वेळेचा.

तिकिटावरची घड्याळं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश चला.

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची. दोन्ही वेळा सरळ वजा करायच्या नाहीत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बांधलेली आहे. सोलापूर ७५.९ वर. त्यामुळे आपल्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून २६ मिनिटं झालेली असतात. हाच फरक पश्चिमेकडे वाढवत नेला की लंडनची वेळ मागे का, हे पाठ करावं लागत नाही.

लंडन आपल्या साडेपाच तास मागे. पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा. न्यूयॉर्कला हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि तिथे बदलाच्या तारखाही वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला.

समजा मे महिन्यात मुंबईहून दुपारी २ ला विमान आहे आणि तिकिटावर लंडनला पोच संध्याकाळी ७. वजाबाकीने पाच तास येतात. त्यात साडेचार मिळवायचे, खरा प्रवास साडेनऊ तासांचा. परतीला उलटं करायचं. लंडनहून रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३० ला मुंबई, दिसायला साडेतेरा तास, त्यातून साडेचार वजा, खरे नऊ. पश्चिमेला जाताना मिळवा, पूर्वेला येताना वजा करा.

रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा खरा प्रवासवेळ काढून डॉक्टरांना दाखवावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. दोन डोसांमध्ये किती तास गेले हे गावाच्या घड्याळावरून कळत नाही. औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही.

आता तारीख. आमच्या घरात झालेली गोष्ट सांगते. मावशी आणि काका पहिल्यांदा मुलाकडे निघाले होते. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०१:३०. सगळ्यांच्या मनात ‘पंधराला जायचंय’ एवढंच बसलेलं. चौदाच्या रात्री मावशी पोळ्या लाटत होती, काका बॅगेला दोरी बांधत होते, पंधराला सकाळी गाडीने निघायचं ठरलं होतं. रात्री नऊच्या सुमारास मुलाचा फोन आला, ‘विमानतळावर पोचलात ना?’ तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. रात्री दीड म्हणजे चौदाची रात्र, पंधराची नाही. मुंबई चारशे किलोमीटरवर, हातात साडेचार तास. विमान गेलं आणि दुसरं तिकीट काढावं लागलं. मावशी त्या रात्री पोळपाटासमोर तशीच बसून राहिली, ते मला अजून दिसतं.

तेव्हापासून मध्यरात्री १२ ते पहाटे ५ मधलं तिकीट असलं की मी कागदावर लाल पेनने आदल्या दिवसाचा वार लिहिते: ‘मंगळवारी रात्री जेवून विमानतळावर हजर.’ तारखेपेक्षा वार आणि जेवण माणसाच्या लक्षात राहतं.

घर ते विमानतळ

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर. हा आकडा पक्का धरून तिथून मागे मोजत यायचं.

दुपारी २ चं मुंबईचं विमान म्हणजे ११ ला सहारच्या टर्मिनल २ वर. सकाळी सहाची वंदे भारत चालणार नाही, ती साडेबाराच्या सुमारास मुंबईत जाते. म्हणजे आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. ती पहाटे-सकाळी दादरला सोडते, तिथून सहारपर्यंत टॅक्सीने गर्दीनुसार पाऊण ते दीड तास. घरून रात्री साडेनऊला निघालात तर विमान उडेपर्यंत साडेसोळा तास झालेले असतात. विमान साडेनऊ तासांचं आणि विमानापर्यंत पोचणं साडेसोळांचं!

विमानाचं तिकीट आपण चार-चार महिने आधी काढतो, रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडतं. त्या दिवसाची नोंद कॅलेंडरवर करून ठेवा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आणि आषाढीच्या सुमारास गाड्या लवकर भरतात. पावसाळ्यात बोरघाटाचा भरवसा धरू नका: दरड आली की रेल्वे अडते, कधी एक्सप्रेसवेही. जून ते सप्टेंबरमध्ये वयस्कर माणसं जाणार असतील तर एक मुक्काम मुंबईत किंवा पनवेलकडे करावा, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि विमानतळाचं नाव दोनदा वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागली आहेत, ते सहारपासून पुष्कळ दूर आहे.

आता तो हैदराबादचा पाऊण तास. सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ६५ ने सुमारे तीनशे किलोमीटर, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी असा. या वाटेवर घाट नाही. शमशाबादचं विमानतळ शहराबाहेर आहे आणि पाटणचेरूजवळ बाह्यवळण रस्त्याला लागलं की शहरात न शिरता थेट तिथे जाता येतं. गाडीने साडेपाच-सहा तास. दुपारी २ च्या विमानाला पहाटे साडेचारला निघून चालतं, म्हणजे विमानापर्यंत साडेनऊ तास. हवेत पाऊण तास जास्त, जमिनीवर सात तास कमी. ज्यांच्याकडे गाडी आणि नीट चालवणारा माणूस आहे, त्यांना मी आधी हैदराबादचं भाडं बघायला सांगते. एकटी बाई रात्रीची निघणार असेल, गाडी नसेल, तर मुंबईची रेल्वेच बरी.

मध्ये थांबा असेल तर

आखातातून जाण्याने वाट फार लांबत नाही. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–लंडन सुमारे ५,५००, बेरीज ७,४३०, थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त. वेळ खातो तो थांबा. दोन तासांच्या आतला थांबा पहिल्यांदा जाणाऱ्याने घेऊ नये, तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी आणि लांबची चाल असते. तीन तास चांगले. आठ तासांचा थांबा स्वस्त दिसतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो महाग पडतो. व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का, हे नीट पाहा. एक तिकीट असेल तर सामान सहसा शेवटच्या गावी मिळतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी काढली असतील तर सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं आणि चुकलेल्या विमानाचे पैसे आपल्याच खिशातून. होटगी रोडहून मुंबईला उडून तिथून पुढे जाण्याचा बेत असेल तर हे आधी तपासा, आणि मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा. सामानाची मर्यादाही वेगळी असते: देशांतर्गत बहुतेक १५ किलो, पुढे परदेशी तिकिटावर अनेकदा २३. शेंगा चटणी, कडक भाकरी आणि दोन चादरी मिळून किती भरतात, ते घरच्या काट्यावर आधीच बघून ठेवा.

शेवटचा कागद

हीथ्रोला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान आणि घरापर्यंतचा रस्ता याला अडीच तास धरा. मुंबईच्या वाटेने बेरीज होते साडेसोळा, साडेनऊ आणि अडीच: साडेअठ्ठावीस तास. हैदराबादच्या वाटेने साधारण साडेनऊ, सव्वादहा आणि अडीच: सव्वाबावीस.

मी हे अर्ध्या फुलस्केपवर मोठ्या अक्षरात लिहून देते. डावीकडे सोलापूरची वेळ, उजवीकडे तिकडची. घरून निघणं, विमानतळ, उड्डाण, उतरणं, घर, अशा पाच ओळी. खाली मुलाचा नंबर, इंग्रजीत पत्ता. एक प्रत पासपोर्टच्या कव्हरमध्ये आणि दुसरी मागे राहणाऱ्यांच्या फ्रिजवर, म्हणजे रात्री अडीचला जाग आली तरी फोन न करता बघता येतं की आई आत्ता कुठवर गेली असेल.